भित्तिपत्रकाच्या बाई

ओठांत टाचण्या धरून बोलणारं माणूस तुम्ही पाहिलंय? शिंपी धरतात, पण ते 'हं' आणि 'अंहं'वर भागवतात. आमच्या बाई तीन-चार टाचण्या ओठांत धरून अख्खी वाक्यं बोलायच्या, जोडाक्षरांसकट. एका हाताने कागद फळ्यावर दाबून धरलेला, दुसऱ्या हाताने ओठांतली एकेक टाचणी काढून कोपऱ्यात रोवायची, आणि मान न वळवता मागे उभ्या असलेल्या पोराला विचारायचं, "नाव घातलंस?"

"घातलं, बाई."

"आडनाव?"

"...राहिलं."

"मग घाल. आणि मधल्या सुट्टीत खाली उभा राहा."

ही गोष्ट सोलापुरातली. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी तिथल्या एका कॉलेजात मराठी शिकवायला नव्याने लागलो होतो आणि बाई राज्यशास्त्र शिकवायच्या. माझ्यापेक्षा बऱ्याच आधी लागलेल्या, पण अजून कायम झालेल्या नव्हत्या. दर उन्हाळ्यात संचालक त्यांना 'बघू' म्हणायचे आणि जूनमध्ये परत बोलवायचे. त्यांचं नाव मी इथे सांगत नाही. कुठेही नाव न घालणं बाईंना मुळीच खपत नसे, तेव्हा हे त्यांच्या नियमाविरुद्धच आहे. पण आम्ही सगळे त्यांना 'भित्तिपत्रकाच्या बाई'च म्हणायचो, आणि मला त्या तशाच आठवतात.

बाई शहराच्या पूर्व भागातल्या. तेलुगू विणकराचं घर, ओसरीवर माग, आणि त्या खडखडाटात लहानपण गेलेलं. त्यामुळे हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. स्टाफरूममध्ये त्यांनी कुणाच्या कानात काही सांगितलं, तर ऑफिसातले हेडक्लार्क तिकडून उत्तर द्यायचे. मराठी अगदी स्वच्छ, पण राग आला की आधी तेलुगू यायचं. "एमिटि इदि?" म्हणजे "हे काय?" पुढचं मराठीत. पोरांना एवढं तेलुगू पाठ झालं होतं. 'एमिटि' ऐकू आलं की व्हरांडा रिकामा होई.

कॉलेजच्या पोर्चमध्ये हिरवं कापड लावलेला एक मोठा फळा होता. बाईंच्या आधी त्यावर सुविचार आणि सणांची माहिती लागायची, ती फक्त लावणारा वाचायचा. प्रिन्सिपॉलसाहेबांनी ते काम बाईंच्या गळ्यात घातलं, आणि मला मदतीला दिलं, म्हणजे टाचण्यांची डबी सांभाळायला. बाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की लागायच्या आधी मी कुणाचा मजकूर वाचणार नाही. "पोस्टमन पत्र वाचतो का?" नियम एकच. खाली नाव आणि वर्ग लिहायचा, आणि मधली सुट्टी संपेपर्यंत आपल्या कागदाखाली उभं राहायचं. येईल त्याने विचारावं, लिहिणाऱ्याने उत्तर द्यावं.

आता हा नियम ऐकायला साधा वाटतो. तुम्ही कधी स्वतःच्या कवितेखाली उभे राहिलात का? बी.ए.चा एक मुलगा 'निशिगंध' या नावाने विरहकविता घेऊन आला. बाईंनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "हजेरीला निशिगंध म्हणून ओ देतोस?" बिचाऱ्याला खरं नाव घालून उभं राहावं लागलं. मिलमधल्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, मुलगा तो, आणि अर्धा वर्ग त्याच्याच चाळीतला. "सोडून गेली ती कोण रे?" असं सगळे विचारायला लागले तेव्हा रडकुंडीला येऊन म्हणाला, "अजून कुणी भेटलीच न्हाय की!" त्यानंतर त्याने मिलच्या भोंग्यावर एक लेख लिहिला आणि तो फार चांगला होता.

दुसऱ्या एकाने लिहिलं, की कॅन्टीनच्या शेंगाचटणीत खडे सापडतात. मधल्या सुट्टीत कॅन्टीनवाला चटणीची वाटी घेऊन स्वतः फळ्याखाली हजर. "काढ खडा. सगळ्यांदेखत काढ." पोराने शोधता शोधता वाटी संपवली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, पण खडा काही निघाला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन खुलासा लावला, की खडा एकदाच सापडला होता.

आणि एकाने लिहिलं, राज्यशास्त्राच्या बाई दर वर्षी त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स वाचून दाखवतात. तो कागद त्याने स्वतःच लावला. बाईंनी तो वाचला, "वाकडा लागलाय," म्हणून काढून पुन्हा सरळ लावला आणि स्टाफरूममध्ये येऊन मला म्हणाल्या, "खरं लिहिलंय मेल्यानं." त्या आठवड्यापासून नोट्स बंद झाल्या. बाई नुसत्या बोलायला लागल्या आणि त्यांचा तास आवडीचा झाला. तो पोरगा मात्र पुढे बाईंचा फार लाडका झाला, इतका की इतरांना राग यावा.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

पहिल्या वर्षाला सुलोचना नावाची मुलगी होती. कुर्डुवाडीची, वडील रेल्वेत गँगमन, सोलापुरात आत्याकडे राहून शिकणारी. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेलं हे पहिलं माणूस. घरचे बौद्ध झाले होते, पण गाव अजून जुन्याच नावाने हाक मारी. अंगाने किरकोळ, वर्गात शेवटच्या बाकावर बसायची, तोंडातून शब्द निघायचा नाही. तिने एके दिवशी बाईंच्या हातात कागद ठेवला. बाईंनी सवयीप्रमाणे न वाचता लावला, आणि शेवटची टाचणी रोवताना त्यांची नजर मजकुरावर गेली.

"लेडीज रूममध्ये माठावर स्टीलचे दोन पेले असतात. तिसरा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला खिडकीत पालथा असतो. तो माझा आहे, असं मला कुणीही सांगितलं नाही. तरी पहिल्याच आठवड्यात मला ते कळलं. कसं कळलं, ते ज्यांनी कळवलं त्यांनी सांगावं." खाली पूर्ण नाव, वर्ग.

"एमिटि इदि," बाई म्हणाल्या. पण मोठ्याने नाही. एवढ्या हळू बोललेल्या मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

मधल्या सुट्टीत सुलोचना खाली उभी राहिली. कुणी आलं नाही. मुली खाली माना घालून पलीकडच्या जिन्याने गेल्या. दुसऱ्या दिवशी एक मुलगी धीर करून आली आणि म्हणाली, "मी नाही गं ठेवला तो पेला."

"मग कुणी ठेवला?"

ती मुलगी विचारात पडली. खोटं बोलत नव्हती ती. म्हणाली, "होताच तो."

मला त्या 'होताच'चा आजही संताप येतो. आपल्याकडे किती गोष्टी अशा कुणी न ठेवता होत्याच!

तिसऱ्या दिवशी शेजारी एक कागद लागला, बिननावाचा. बाईंनी तो काढला. नाव नाही, निघालं, संपलं. चौथ्या दिवशी तोच कागद नावासकट लागला. लिहिणारा तिसऱ्या वर्षाचा, कॉलेजच्या एका संचालकांचा मुलगा, बुलेटवरून यायचा. लिहिलं होतं, की शिष्यवृत्त्या बंद कराव्यात, ज्याला मार्क त्यालाच प्रवेश द्यावा, सरकारच्या जावयांना आता पेलासुद्धा चांदीचा हवा. आणि शेवटच्या ओळीत सुलोचनाच्या जातीचं जुनं नाव शिवीसारखं वापरून, तिने कशातून पाणी प्यावं ते सांगितलं होतं. ती ओळ मी इथे लिहिणार नाही.

मुलगा हाताची घडी घालून खाली उभा होता, बरोबर चार-पाच दोस्त. बाईंना पाहून म्हणाला, "नाव घातलंय बाई, आडनावासकट. उभाही राहिलोय. आता तुमच्याच नियमानं काढता येणार नाही."

पोरं हसली. सुलोचना आपल्या कागदाखाली उभी होती, ती जागची हलली नाही, पण तिने पदर घट्ट ओढून घेतला.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. साहेब भला माणूस. कुणाचं वाईट चिंतलं नाही, आणि कुणाचं वाईट होत असताना मध्येही पडले नाहीत. म्हणाले, "दोन्ही कागद काढा. दोघांना सारखा न्याय. म्हणजे कुणी बोलायला नको."

"सारखे कसे साहेब? एकीनं झालेली गोष्ट सांगितलीय. खोटी असेल तर तपासा, मी स्वतः काढते. दुसऱ्यानं शिवी दिलीय."

"बाई, कॉलेज म्हणजे घर. घरातलं भांडण दारावर टांगत नाहीत."

"पेले वेगळे ठेवताना घर आठवलं नाही कुणाला," बाई म्हणाल्या. बाहेर हेडक्लार्कची खुर्ची करकरली.

आम्ही बाहेर पडलो तर पोर्चमध्ये एक माणूस उभा. अंगात रेल्वेची निळी डगली, डोक्याला मुंडासं, चपला हातात घेतलेल्या. आत्याने निरोप धाडला म्हणून सुलोचनाचे वडील कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीने आले होते.

"भितीवरच्या बाई तुमीच का?"

"मीच."

"पोरगी शिकाय धाडली व्हती बाई, भांडाय न्हाय. तिचं नाव चवाट्यावर लावलंया, अन् शेजारी कुणी तरी शिवी लावलीया मनं. मला वाचाय येत न्हाय, पर भनीनं सांगितलं. आमी लई आयकलंय जल्मभर. तिनं बी आयकावं म्हून न्हाय शिकवत तिला. मी तिला न्यायला आलोय."

बाईंनी त्यांची समजूत घातली नाही. शिक्षणाचं महत्त्व वगैरे एक अक्षर काढलं नाही. "उद्याची मधली सुट्टी बघा," एवढंच म्हणाल्या. "मग न्यायची तर न्या. मी अडवणार नाही."

ते आत्याकडे मुक्कामाला राहिले. बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि खुर्चीत बसल्या. मला म्हणाल्या, "नियम केला तेव्हा मला वाटलं होतं, नाव घालायचं म्हटलं की माणूस घाण लिहायला लाजेल. याला लाज नाही हो. हा मिरवतोय. माझा नियम अपुरा पडला." मी म्हणालो, सरळ कागद फाडून टाका. त्यांनी मान हलवली. "फाडला की तो उद्या गावभर सांगेल, मला उत्तर नव्हतं म्हणून फाडला. आणि उत्तर आहे ना आपल्याकडे! त्या पोरीकडे आहे."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोर्च गच्च भरला. सुलोचना तिच्या कागदाखाली, संचालकपुत्र त्याच्या. खांबापाशी चपला हातात घेऊन वडील. बाई आल्या त्या हातात कात्री घेऊन, शिवणाची, लांब पात्यांची. त्या मुलाचा कागद त्यांनी काढला आणि त्याच्यासमोर धरला.

"शिष्यवृत्त्या बंद करा म्हणतोस. मला पटत नाही. पण ते तुझं मत आहे, त्याला उत्तर देता येतं, ते राहील. जावई म्हणतोस, तेही राहू दे. त्यालाही उत्तर आहे. ही शेवटची ओळ. हिला ती काय उत्तर देणार? मी त्या घरात जन्मले नाही, असं सांगणार? ज्याला उत्तरच देता येत नाही, ते या फळ्यावर लागणार नाही." आणि त्यांनी ती ओळ कचकन कापली.

"ही दडपशाही झाली, बाई!"

"झाली. तिच्याखाली माझं नाव घालते." बाईंनी उरलेला कागद पुन्हा लावला, कापल्या जागी लिहिलं 'एक ओळ मी कापली', खाली पूर्ण नाव, विषय, आणि त्या कागदाखाली स्वतः उभ्या राहिल्या. "विचारा आता. कुणीही विचारा."

ते चित्र मला अजून आठवतं. एकटी बाई, कायम नसलेली, आणि तिच्यासमोर संचालकांचा मुलगा. पोरांनी विचारलंही. एकाने विचारलं, उद्या तुम्ही आमची ओळ कापली तर? बाई म्हणाल्या, "तर असंच मला उभं कर इथं." दुसरा म्हणाला, कापायची कुठली आणि ठेवायची कुठली, ते ठरवणाऱ्या तुम्ही कोण? "मी चुकू शकते. म्हणून तर नाव घातलंय." हे सगळं त्या मागावरच्या आवाजात. रस्त्यावरचे रिक्षावाले थांबून ऐकत होते.

तेवढ्यात सुलोचना बोलली. आधी तिचा आवाज कुणाला ओळखूच आला नाही. त्या मुलाकडे वळून ती म्हणाली, "शिष्यवृत्तीचं बोलू आपण. पण आधी सांग, माझ्या पेल्याचा आणि शिष्यवृत्तीचा संबंध काय? मी पैसे भरून शिकले असते, तर तो पेला खिडकीतून उठून माठावर आला असता का?"

"पेल्याचं मला काय माहीत? मी काय लेडीज रूममध्ये जातो?"

"मग न बघताच लिहिलंस?"

असा हशा पिकला! त्याचे दोस्तसुद्धा हसले. तो लाल झाला, काहीतरी बोलायला गेला, आणि शिष्यवृत्तीवर आला. मग त्या दोघांची सुट्टी संपेपर्यंत जुंपली. खरं सांगायचं तर शिष्यवृत्तीच्या वादात तो काही हरला नाही, आकडे पाठ करून आला होता. पण वाद झाला. ती त्याला अडवून बोलत होती, तो तिला उत्तर देत होता, आणि उत्तर देताना त्याला तिच्याकडे बघावं लागत होतं. बाई त्यांच्या शेजारी उभ्या राहून दोघांपैकी कुणाच्याही बाजूने एक शब्द बोलल्या नाहीत. मी कडेला उभा राहून बोटं चावत होतो.

वडिलांना त्यातलं किती कळलं, देव जाणे. घंटा झाल्यावर ते बाईंजवळ आले. "परीक्षेपतुर ऱ्हाऊ द्या तिला," म्हणाले. "मग बगू." आणि दुपारच्या गाडीने एकटेच गेले.

जर्मनचा पेला त्या आठवड्यात नाहीसा झाला. कुणी उचलला ते कळलं नाही. मला विचाराल तर ते न कळणं मला आवडलं नाही.

एप्रिलमध्ये बाईंना कागद मिळाला. पुढच्या वर्षी तासांचा भार कमी होत असल्याने सेवेची आवश्यकता नाही. भार कसला कमी होतोय, राज्यशास्त्राला पोरं बाकावर मावत नव्हती! मी तावातावाने म्हणालो, कोर्टात जा. बाई उठल्या, टाचण्यांची डबी घेतली आणि तो कागद जाऊन फळ्यावर लावला.

परीक्षेचे दिवस होते, पोर्चमध्ये माणसं थोडी. बातमी आत गेली आणि प्रिन्सिपॉलसाहेब लगबगीने बाहेर आले. फळ्यासमोर थांबून त्यांनी स्वतःची सही वाचली. बाई म्हणाल्या, "खाली नाव तुमचं आहे साहेब. आज माझी पाळी नाही." आणि बाजूला झाल्या.

साहेब जातील असं आम्हाला वाटलं. ते गेले नाहीत. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि त्या कागदाखाली उभे राहिले, घंटा होईपर्यंत. कुणी काही विचारलं नाही. उभे राहिले याबद्दल मी त्यांना शेवटपर्यंत मान दिला. सही केली याबद्दल कधीच दिला नाही.

बाई कर्नाटकातल्या एका कॉलेजात गेल्या. तिथेही त्यांचं कुणाशी तरी वाजलं, असं काही महिन्यांतच कानावर आलं, आणि मला फार बरं वाटलं. सोलापूर सुटलं म्हणून आवाज खाली आला असता, तर मी काय केलं असतं कोण जाणे.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. मी ऑफिससमोर टेबल टाकून बसलो होतो. रांगेत निळी डगली दिसली. सुलोचनाचे वडील. शेजारी सुलोचना, आणि तिच्या मागे तिच्याच तोंडवळ्याची, दोन वेण्या घातलेली एक मुलगी. नुकतीच मॅट्रिक झालेली धाकटी.

"भितीवरच्या बाई कुटं हायत?" त्यांनी विचारलं.

बाई आता इथे नाहीत, हे मला सांगावं लागलं. कशामुळे, तेही सांगितलं, कारण खोटं सांगायला जीभ रेटेना. त्यांनी ऐकून घेतलं. धाकटीकडे पाहिलं. ती तर वडिलांची डगली धरूनच उभी होती.

"मंग अवघड हाय," ते म्हणाले. "म्या बाईंच्या भरवशावर हिला आनली व्हती. हितं आता हिच्याकडं कोन बगनार?"

मी काही बोलणार, तोच सुलोचना पुढे झाली. वडिलांच्या हातातले कागद तिने काढून घेतले आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवले.

"मी हाय की, आबा," ती म्हणाली.